चार नंबरची पिशवी

दोरीवर बाबांचा बनियन होता, माझा टॉवेल होता आणि दोघांच्या मध्ये चार नंबरची पिशवी उलटी करून, चिमटा लावून वाळत घातलेली होती. माझा एक पाय चपलेत, एक बाहेर. प्लॅस्टिकच्या आरपार माझ्याच हातचा काळ्या मार्करचा आकडा दिसत होता, उलटा. आमच्या घरात पिशवी टाकत नाहीत. दुधाची, ब्रेडची, वाण्याची, सगळ्या पिशव्या बाबा धुतात, उलट्या करतात, वाळवतात आणि घडी घालून गादीखाली ठेवतात. मी नोकरीला लागले तेव्हाही ठेवत होते आणि आता मला रिटायर व्हायला सहा वर्षं राहिली तरी ठेवतात. तेव्हा गॅलरीत पिशवी दिसली ह्यात नवल काहीच नव्हतं. नवल हे की सकाळी मी घरातून निघाले तेव्हा हीच पिशवी आमच्या फ्रीझरमध्ये, मटारच्या पुडक्याखाली, अकरा शिनाण्यांसकट गोठून पडलेली होती. आणि आता संध्याकाळचे साडेसहा वाजले होते आणि घरभर भाजलेल्या खोबऱ्याचा वास होता.

“बाबा, फ्रीझरमधली पिशवी?”

“खाल्लंय,” बाबा म्हणाले. टीव्हीचा आवाजही त्यांनी कमी केला नाही. “बरे होते गो. आचऱ्याचे मां?”

आचऱ्याचेच होते. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं, कानाला मशीन. पण जिभेला सगळं लख्ख आठवतं. शिनाणी म्हणजे ते हिरव्या कडेचे लांबट शिंपले, मालवणकडे खडकांना गच्च धरून बसलेले असतात ते. आमच्या गावच्या खडकावरून ती मार्चमध्ये जिवंत काढून मुंबईला आणली होती, पण खाण्यासाठी नाही. मी तिथेच दारात उभी राहून बाबांच्या हातांकडे पाहिलं. बोटं पिवळी. छातीत धस्स झालं. मग कळलं, हळद आहे. साधी हळद, वाटणातली. तरी मी ते हात धरले आणि बेसिनशी नेऊन साबणाने धुतले, आणि बाबा “अगो, काय झाला काय तुका?” म्हणत राहिले. हळद साबणाने जात नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही.

“माका वाटला, गटारीक माझ्यासाठी हाडलंस,” ते म्हणाले.

हे एक वाक्य ऐकलं आणि माझा राग जागच्या जागी बसला. आज गटारी. उद्या श्रावण लागतो, मग महिनाभर आमच्याकडे अंडंसुद्धा नाही. त्यात मासेमारी बंद, बाजारात मिळेल ते बर्फातलं, निस्तेज डोळ्यांचं. अशा दिवशी एका मालवणी म्हाताऱ्याने मटारसाठी फ्रीझर उघडला आणि त्याला गावची शिनाणी दिसली. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही घरात पिशवीवरचा आकडा कुणीतरी वाचला असता, निदान मला फोन तरी केला असता. आमच्या बाबांना एवढंच वाटलं की पोरीने न बोलता आणून ठेवली, मटाराखाली लपवली, म्हणजे आपल्याला चकित करायला. मी आयुष्यात त्यांना असं कधी चकित केलेलं नाही. तरी त्यांना तसं वाटलं.

“तुझे तीन ठेवलेले,” ते म्हणाले. “तू फोन केलंस, कँटीनमध्ये खावन येतंय म्हणान. उद्या श्रावण. ठेवन काय करू? चायेवांगडा खाल्लंय.”

म्हणजे चहाबरोबर माझी तीनही. अकराच्या अकरा. शिंपल्या कढीपत्त्याच्या कुंडीत उलट्या खोचलेल्या होत्या. मी मोजल्या. बावीस अर्धुकं, आतून निळसर चकचकीत, चाटून पुसून स्वच्छ. मांसाचा कण नाही. मी स्टुलावर बसले. आता मी काय करून बसले होते ते सांगते, म्हणजे माझा मूर्खपणा किती मोठा ते कळेल.

अंधेरीला समुद्राचा अभ्यास करणारी आमची संस्था आहे. तिथे मी तीस वर्षं प्रयोगशाळेत आहे. शास्त्रज्ञ नाही, शास्त्रज्ञांचे हात म्हणा. गेली दोन वर्षं मी शर्मिष्ठा मॅडमच्या कामावर आहे. त्या माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण डोकं असं की बास. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा उरलेल्या दारूगोळ्याचं करायचं काय हा प्रश्न जगभर होता, आणि जगभर लोकांनी एकच उत्तर काढलं: बोटीत घाला आणि समुद्रात ढकला. नजरेआड झालं की संपलं. आमच्याही समुद्रात ढकलला. ऐंशी वर्षं ते लोखंड खाऱ्या पाण्यात गंजतंय, आता त्याला भोकं पडली आहेत आणि आतली दारू पाण्यात विरघळते आहे. विरघळते म्हणजे जाते कुठे? हा शर्मिष्ठा मॅडमचा प्रश्न. पाण्यात मोजायला जावं तर काही सापडत नाही, समुद्र केवढा आणि ती केवढीशी. म्हणून शिनाणी. एक शिनाणं दिवसाला बादलीभर पाणी आत घेतं, गाळतं आणि सोडतं. पाण्यात असेल ते त्याच्या अंगात साठत जातं. जाळीच्या पिशव्यांत जिवंत शिनाणी भरून ती गोळ्यांजवळ दहा आठवडे टांगायची, मग काढायची, गोठवायची आणि अंगात काय उतरलंय ते पाहायचं. “माणूस खोटं बोलेल, कागद खोटं बोलेल, शिनाणं नाही बोलणार,” मॅडम म्हणायच्या. सहा ठिकाणी टांगली. पाच ठिकाणं गोळ्यांपासून लांब, कमी लांब, अशी. चौथं ठिकाण म्हणजे गोळ्याला अगदी खेटून, हाताच्या अंतरावर. तिथे तीन पिशव्या लावल्या होत्या. मे महिन्यात काढायला गेलो तर दोन गायब, दोर तुटलेला, कुणाच्या जाळ्यात गेल्या की प्रवाहात देव जाणे. एक राहिली होती. तिच्यात अकरा शिनाणी, तेवढीच जिवंत. विष सजीवात शिरतं की नाही ह्याचं जगाला द्यायचं उत्तर त्या अकरा शिनाण्यांत होतं, आणि मशीनवर आमचा नंबर पुढच्या बुधवारी लागणार होता.

सोमवारी आमच्या फ्रीझरचा कॉम्प्रेसर बसला. मेकॅनिक शुक्रवारी येणार. बाकीच्या सगळ्या पिशव्या शेजारच्या विभागाच्या फ्रीझरात कोंबल्या. मॅडम म्हणाल्या, ही पण ठेवा तिथेच. मी नाही म्हटलं. तिथली पोरं फ्रीझर उघडा टाकून गप्पा मारतात, मी पाहिलंय. माझा कुणावर भरवसा नाही, हा माझा जुना रोग. लग्न जमलं नाही त्याचंही कारण आई हेच सांगायची. मी थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरला, रिक्षा केली, खोकं मांडीवर घेऊन लेकरासारखी पिशवी कांदिवलीला घरी आणली आणि मटाराखाली ठेवली. बाबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ‘खाण्याच्या जागी लॅबचा घाण कित्याक?’ म्हणून डोकं खाल्लं असतं. ज्या पोरांवर माझा भरवसा नव्हता त्यांच्या फ्रीझरात पंधरा पिशव्या सुखरूप होत्या. माझ्या फ्रीझरातली बाबांनी वाटण लावून खाल्ली. घ्या.

“बाबा, पोटात काही होतंय का? मळमळ? डोकं?”

“पोटात काय होवचा? ढेकर इलो.”

काही होणार नाही हे मला माहीत होतं. मी हिशेब केला, स्टुलावर बसल्या बसल्या, पेपरच्या कडेवर. अगदी वाईटात वाईट धरलं तरी अकरा शिनाण्यांत मिळून मिठाच्या कणाएवढंसुद्धा भरलं नसतं. एवढ्याने चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला काय होणार? त्यांनी गिरणीत तीस वर्षं कापसाची धूळ गिळली आहे. पण डोक्याला माहीत असणं वेगळं आणि हातापायांना माहीत असणं वेगळं. मी खालच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांना वाटलं मी शिळ्या शिंपल्यांबद्दल बोलतेय, म्हणाले ओआरएस द्या. मी हो म्हटलं. मग बराच वेळ फोन हातात धरून बसले, कारण पुढचा फोन मॅडमना होता.

बसल्या बसल्या डोळ्यांसमोर येत राहिला तो मेमधला दिवस. मी लॅबची बाई, मला बोट लागते, पण मॅडम म्हणाल्या, नलिनीताई, दोन वर्षं ज्याचे नमुने कापताय ते एकदा डोळ्यांनी बघा. गेले. बोट कोळ्यांची, भाड्याची. कॅमेरा खाली सोडायच्या आधी बोट चालवणाऱ्या तांडेलाने काही न बोलता नारळ काढला, पाण्याला दाखवला आणि सोडून दिला. मॅडमच्या हाताखालची पोरं मोबाइलवर फोटो काढायला लागली आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण ते मी ऐकलेलं होतं. माझा आजा, धोंडिराम, गिरणीत लागायच्या आधी दोन वर्षं बंदरात हमाल होता. लढाई संपलेली. त्याची टोळी बार्जवरून पेट्या आणि गोळे बाहेर नेऊन समुद्रात ढकलायची. बारा माणसं, सगळी कोकणातली. पहिला गोळा फळीवरून सोडायच्या आधी नारळ दिल्याशिवाय एकही हात लागायचा नाही. गोरा साहेब घड्याळ दाखवून ओरडायचा आणि ही बारा माणसं ढिम्म उभी. समुद्राच्या घरात काही टाकायचं तर त्याला विचारायला नको? शिमग्याच्या तोंडावर तर त्यांनी साहेबाने सांगितलेल्या जागेच्या बऱ्याच अलीकडे माल ढकलला होता म्हणे, कारण संध्याकाळची गावाकडची बोट गाठायची होती. घरी हे हसत सांगितलं जायचं. मी लहानपणी हसायचे.

आणि मग बोटीवरच्या त्या छोट्या पडद्यावर दिसलं. आमचा समुद्र म्हणजे ताकासारखा, हातभर पुढचं दिसत नाही. कॅमेरा खाली खाली जात होता आणि पडद्यावर नुसता हिरवट धूर. मला मळमळत होतं, मी मनात म्हणत होते की आता पुरे. तेवढ्यात धुरातून लोखंड आलं. आलं म्हणजे एकदम समोर, अगदी कॅमेऱ्याला लागेल असं. घागरीएवढं जाड, हात-दीड हात लांब. पण ते लोखंड आहे हे कळायला मला वेळ लागला, कारण त्याच्यावर लोखंडाची बोटभर जागा मोकळी नव्हती. पांढरे खडबडीत शिंपले थरावर थर. नारिंगी काहीतरी, झाडासारखं, हलणारं. टोकाला जिथे पूर्वी गोळा फोडणारा खटका असेल तिथे आता भोक होतं आणि त्या भोकात एक खेकडा दारात बसावा तसा बसला होता, आमच्याकडे बघत, एक नांगी वर करून. आणि मधोमध, पत्रा फाटला होता तिथे, आतली दारू दिसत होती. पिवळी. वडीसारखी घट्ट. तिच्यापासून अर्ध्या बोटावर एका नळीतून लाल पिसांचा एक किडा बाहेर आला, फुलला, दोन क्षण डोलला आणि आत गेला. पुन्हा आला. माणसं मारायला बनवलेली वस्तू, आणि तिच्यावर हा बाजार भरलेला. तांडेल वाकून बघत होता, त्याने टोपी काढून हातात घेतली होती. मॅडम हळूच म्हणाल्या, “बघा ताई, संसार थाटलाय.” मला रडू आलं. भीतीने नाही, दुःखाने नाही. एवढं मोठं काहीतरी चाललंय आणि ते आपल्याला विचारून चाललेलं नाही, असं काहीसं. मला नीट सांगता येत नाही. आजवर मी त्या कामाला नमुना एक, नमुना दोन असंच म्हणत आले होते. त्या दिवसानंतर चार नंबरची पिशवी काढताना मी कुणी बघत नाहीसं पाहून नमस्कार केला होता. आणि ती मी मटाराखाली ठेवली.

मॅडमना फोन लावला. “मॅडम, चार नंबर बाबांनी खाल्ली.”

त्या म्हणाल्या, “बाबा कसे आहेत?”

दोन वर्षांच्या मेहनतीची वाट लागली आणि ह्या बाईचा पहिला प्रश्न हा. मी ढसाढसा रडले. तीस वर्षांत मी कुणा साहेबासमोर रडले नव्हते. त्या म्हणाल्या, “ताई, थांबा. रागावणार आहे मी, पण उद्या. आता बाबांकडे लक्ष द्या.” मी म्हटलं, मॅडम, एक कणसुद्धा राहिला नाही, शिंपल्यासुद्धा त्यांनी घासून कुंडीत खोचल्यात. आता काही असलंच तर ते बाबांच्या पोटात आहे. तेवढ्यात कानाचं मशीन लावलेला माणूस टीव्हीसमोरून म्हणाला, “मगे माझा मूत घेवन जा. डाक्तर तेच करतत मां?”

मी फोनवर हात ठेवला. “बाबा, गप्प बसा हो!”

“कित्याक गप? पोटात आसा तर भायर येतला. तुमची ती शिनाणी पाणी पितत, गाळतत. मी पण प्यालंय.”

पलीकडून मॅडम म्हणाल्या, “ताई, ते काय म्हणाले?” मी सांगितलं. लाजेने मेल्यासारखं झालं होतं. मॅडम म्हणाल्या, “हे कुठल्या रजिस्टरमध्ये जाणार नाही. कुठल्या पेपरमध्ये जाणार नाही. जाऊच शकत नाही, माणसाचा नमुना असा परवानगीशिवाय तपासत नाहीत, समजलं ना? पण तुम्हाला जाणून घ्यायचंय की नाही?” मी म्हटलं, हो. “मलाही,” त्या म्हणाल्या. “आत्तापासून सकाळपर्यंतचं. काचेच्या बाटलीत. आणि तुमचंही आणा, तुलनेला.”

थर्माकोलच्या खोक्यात लॅबच्या दोन तपकिरी काचेच्या बाटल्या होत्याच. मी बाबांना बाटली दिली. त्यांनी ती उजेडात धरून बघितली, स्वच्छ आहे का ते. ते आत असताना मी बाहेर कढीपत्त्याच्या कुंडीसमोर उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की मी हात जोडून उभी आहे. कशाला? विष सापडू दे म्हणून की सापडू नये म्हणून? सापडलं नाही तर बाबांच्या अंगात काही नाही, म्हणजे सुटले; पण मग दोन वर्षं आम्ही रिकाम्या पाण्यात हात मारत होतो. सापडलं तर मॅडमचं म्हणणं खरं, समुद्रात टाकलेलं परत येतं, ताटापर्यंत येतं. पण ते माझ्या बाबांतून आलेलं. मला दोन्ही हवं होतं आणि दोन्ही नको होतं.

बाबा बाटली घेऊन आले. वर झाकण घट्ट लावलेलं, बाहेरून पुसलेली. खुर्चीत बसले. टीव्ही त्यांनी आपणहून बंद केला.

“तो पिवळा होता?” त्यांनी विचारलं. “दारूगोळ्यातला. तू मेत सांगितलेलंस.”

“हो.”

“बापाशीचे हात तसे होते.”

हे मी कधी ऐकलं नव्हतं. नारळाची गोष्ट ऐकली होती, शिमग्याची ऐकली होती. ही नाही. पेट्या फुटायच्या, बाबा सांगत होते, आत पिवळी पूड, ती हमालांच्या हातांना लागायची आणि जायची नाही. राख, चिंच, रीठा, काही करा. तळवे, बोटं, नखं, सगळं पिवळं. मनगटापर्यंत हळद लागल्यासारखं. तेव्हा राहायचे त्या डबक चाळीतली बाकीची पोरं चिडवायची, तुझ्या बापाशीचा लगीन रोज लागता. आजी फार घाबरायची. तिला कुणी सांगितलं होतं, ते अंगाला लागलं तर पोरं जगत नाहीत. तिने घरात नियम केला: धोंडिरामाने ताटात चमच्याने खायचं, पोराच्या भांड्याला हात लावायचा नाही, पोराला हात लावायचा नाही. बाबा तेव्हा चार-पाच वर्षांचे. बाप घरी यायचा, भिंतीशी बसायचा, हात मांडीखाली घालून. आजी पोराला घास भरवायची आणि तो लांबून बघायचा. “माका म्हणायचो, ‘खा हां.’ तितक्याच. हात मांडयेखाली.” दोन वर्षांनी तो गिरणीत लागला, हात पांढरे झाले. पण तोवर पोर आपल्या हाताने जेवायला शिकलं होतं.

“मगे सवयच रवली,” बाबा म्हणाले. “लांब बसाची. मरेपर्यंत. बापाशीन माका कधी हातान भरवल्यान नाय.”

चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस हे सांगत होता आणि त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. दुसऱ्या कुणाच्या पोराबद्दल सांगावं तसं सांगत होता. मला एकदम आठवलं, बाबांनीही मला कधी भरवलेलं नाही. आई असतानाही नाही, नंतरही नाही. ते पिशव्या धुतात. मी आजारी पडले की ते उशाशी पेजेची वाटी ठेवतात आणि लांब खुर्चीत बसून म्हणतात, “खा हां.” मी त्यांना कोरडा माणूस समजत आले. मोठी झाल्यावर मीही तशीच झाले, आणि त्याला स्वभाव म्हणत आले. आणि हे सगळं कुठून आलं तर एका पिवळ्या पुडीतून, जी मी रोज हातमोजे घालून मोजते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी अंधेरीला पोचले तर मॅडम आधीच आलेल्या. रात्री कुणाकुणाला विनवून त्यांनी मशीन दोन तासांसाठी मोकळं करून घेतलं होतं. आधी रजिस्टर उघडलं. नमुना चार, स्थिती. मॅडम म्हणाल्या, “साठवणुकीतील त्रुटी, असं लिहा.” मी लिहिलं: ‘नमुना मी घरी नेला. घरच्यांनी खाल्ला. चूक माझी.’ खाली सही केली. मॅडमनी वाचलं, हसू दाबलं. “हे वरच्यांनी वाचलं तर मला बोलावतील.” मी म्हटलं, मला बोलावतील, बोलावू देत. “सप्टेंबरनंतर पुन्हा टांगू,” त्या म्हणाल्या. “चौथ्या जागेवर ह्या वेळी दहा पिशव्या. आणि त्या तुमच्या घरी नेणार नाही.” हा त्यांचा राग. एवढाच.

मग बाटल्या. गाळलं, मुरवलं, फिरवलं, माझे हात आपोआप चालत होते, तीस वर्षांची सवय. छोट्या कुपीवर मी लिहिलं, मुलगी. दुसऱ्या कुपीवर, वडील. आमचं मशीन म्हणजे, सोप्यात सांगायचं तर, एक लांब बारीक नळी. एका टोकाने नमुना सोडला की त्यातला प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला दुसऱ्या टोकातून बाहेर पडतो. वेळ ठरलेली, कधी चुकत नाही. दारू अंगात गेली की तिचं शरीरात जे बनतं, त्याची वेळ आमच्या मशीनवर सात मिनिटं चाळीस सेकंद. पडद्यावर एक सरळ रेघ चालत राहते. सात-चाळीसला ती उचलली तर आहे. नाही उचलली तर नाही.

आधी माझी. सात मिनिटं. सात-तीस. सात-चाळीस. रेघ झोपलेली. आठ मिनिटं. कोरी. सगळं व्यवस्थित.

मग बाबांची. मॅडमनी माझा हात धरला होता, कधी धरला ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. पाच मिनिटांवर काहीतरी मोठं आलं आणि गेलं, ते रक्तदाबाच्या गोळीचं. सहा. सात. सात-वीस. सात-तीस. आणि सात-अडतीसला रेघ, अगदी हळू, वर उठायला लागली. टेकाड. तांदळाच्या दाण्याएवढं, पण टेकाड. टोकाला गेलं, उतरलं, पुन्हा सपाट झालं. मॅडमनी त्या पदार्थाच्या कणाच्या वजनाची खूण तपासली, जुळली. दुसरी खूण तपासली, जुळली. “आहे,” त्या म्हणाल्या, इतक्या हळू की मी ओठ वाचले. “पाच वर्षं मी हे बघायचं म्हणून बसलेय ताई.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पडद्याला बोट लावलं. ऐंशी वर्षांपूर्वी कुणीतरी फळीवरून ढकललेलं, लोखंडातून निघालेलं, पाण्यात उतरलेलं, शिनाण्याने प्यालेलं, बाबांच्या वाटणातून, बाबांच्या रक्तातून, आता इथे, माझ्या बोटाखाली, तांदळाएवढं. तो गोळा माझ्या आज्याच्या टोळीनेच टाकलेला असं मी म्हणत नाही. मी लॅबवाली आहे, पुरावा नसताना बोलत नाही. बोटीवर तांडेलाने टोपी काढली होती. काढायला माझ्याकडे टोपी नव्हती, मी हातमोजे काढले.

मॅडमनी ती फाइल माझ्यासमोर पुसून टाकली. पुसायच्या आधी दोघींनी तिच्याकडे आणखी एकदा पाहिलं.

दुपारची रजा घेऊन मी घरी आले. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होते. की काळजीचं कारण नाही, दोन दिवसांत सगळं निघून जाईल, डॉक्टरांशी मॅडम बोलल्या आहेत. की पुन्हा फ्रीझरमधल्या वस्तूला हात लावायच्या आधी मला विचारायचं. हे खडसावून सांगायचं ठरवलं होतं. बाबा जमिनीवर बसून अळूची पानं निवडत होते, श्रावणाचं पहिलं फदफदं होणार होतं. बोटं अजून पिवळट होती. मी आत येताच त्यांनी वर पाहिलं.

“गावला?”

“सापडलं,” मी म्हटलं. “अगदी थोडं. पण आहे. तेच आहे, बाबा, दारूगोळ्यातलं. काळजी करू नका, दोन दिवसांत—”

“बापाशीच्या हाताक लागायचा तोच?”

“तेच.”

बाबांनी हातातलं पान खाली ठेवलं. पिवळी बोटं उघडून त्यांनी बराच वेळ स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं, मग बोटं ओठांना लावली.

“मगे बापाशीन शेवटाक भरवल्यान म्हण,” ते म्हणाले.

मग त्यांनी मला जवळ बोलावलं, आणि मी त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसले. डब्यातला गूळ त्यांनी फोडला, बोटांत धरला आणि हात पुढे केला. “खा हां,” बाबा म्हणाले, आणि मी तोंड उघडलं.